मॅव्हरिक परत आला, पण कॅप्टनच राहून

'टॉप गन: मॅव्हरिक'ची फोर-के डिस्क मागवली तेव्हा घरात पहिला सवाल आला, "मोबाइलवर दिसतं त्याला पैसे कशाला?" उत्तर दिलं नाही, फक्त लावून दाखवली. विमानवाहू नौकेवरून पहिलं विमान सुटलं आणि शोकेसमधल्या काचेच्या बरण्या वाजायला लागल्या. या चित्रपटाला ध्वनीचं ऑस्कर मिळालंय, ते का हे मोबाइलवर कळणार नाही.

माझी उमेद ओझरच्या कारखान्यात मिग विमानांवर फिटर म्हणून गेली. त्यामुळे लढाऊ विमानांचे चित्रपट मी जरा वाकड्या नजरेनेच बघतो. 1986च्या पहिल्या भागात शत्रूची काळी विमानं 'मिग-28' म्हणून खपवली होती. मिगच्या लढाऊ विमानांचे आकडे विषम असतात: 21, 23, 27, 29. ती काळी विमानं खरं तर अमेरिकेचीच एफ-5 होती, रंग फासलेली. आमच्या शॉपमध्ये यावरून महिनाभर हशा होता. तरीही तो चित्रपट सगळ्यांनी पाहिला, कारण त्याचा नायक, अमेरिकन नौदलाचा वैमानिक मॅव्हरिक. उद्धट, हसरा आणि साहेबांना न जुमानणारा. तिशीच्या आतल्या प्रत्येक फिटरला आपण तसेच आहोत असं वाटायचं.

असा लाडका नायक छत्तीस वर्षांनी परत आणायचा म्हणजे मोठी जोखीम. बहुतेक जण त्याला एक तर साहेबाच्या खुर्चीत बसवतात, नाही तर काहीच घडलं नाही अशा थाटात तसाच धावायला लावतात. आपल्याकडे 2013च्या 'झपाटलेला 2'समोर वेगळीच अडचण होती. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 साली गेले, त्यामुळे परत आला तो तात्या विंचू, आणि नायक म्हणून कथेतल्या लक्ष्याचा मुलगा उभा करावा लागला. मॅव्हरिकच्या बाबतीत टॉम क्रूझ हजर होता, पण तोही पंचावन्नच्या पुढे गेलेला.

दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्कीने यावर काढलेला तोडगा मला मनापासून आवडला. मॅव्हरिकला बढतीच मिळालेली नाही. इतकी वर्षं नोकरी करून तो अजून कॅप्टन. नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल, तेव्हा हुद्दा अगदीच लहान नव्हे. पण बरोबरचे अ‍ॅडमिरल होऊन बसले आणि हा अजून चाचणीची विमानं उडवतोय. सुरुवातीलाच एक अ‍ॅडमिरल त्याला तोंडावर सुनावतो की एव्हाना तू निदान दोन तारेवाला असायला हवा होतास. आमच्याकडेही असे लोक होते. हाताला जादू, पण सहीच्या कागदावर कायम भांडण. रिटायर होईपर्यंत ते त्याच बेंचवर राहिले, आणि अडलेलं काम मात्र शेवटी त्यांच्याकडेच जायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनं देणं. पहिल्या भागात मॅव्हरिकच्या मागच्या सीटवर बसणारा गूज इजेक्ट होताना कॅनपीवर, म्हणजे कॉकपिटच्या काचेच्या झाकणावर, आपटून मेला. आता त्याचा मुलगा रूस्टर वैमानिक आहे. मॅव्हरिकने एकेकाळी त्याचे अकादमीचे कागद मागे खेचून त्याची चार वर्षं वाया घालवली होती. का, ते चित्रपटातच पाहा. नायक परत आला की त्याच्यावर कोणीतरी खरोखर चिडलेलं हवं. सगळेच टाळ्या वाजवायला उभे राहिले की तो सत्कार समारंभ होतो. बारमध्ये रूस्टर पियानो वाजवतो, बापाच्याच मिशा, बापाचंच गाणं, आणि मॅव्हरिक बाहेर अंधारात उभा राहून खिडकीतून बघतो.

आणि आइसमन, पहिल्या भागातला मॅव्हरिकचा प्रतिस्पर्धी. ती भूमिका करणाऱ्या व्हॅल किल्मरचा आवाज घशाच्या कर्करोगाने गेला होता. चित्रपटानेही ते लपवलं नाही, आइसमनलाच आजारी केला. आता तो पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख. गळ्याला स्कार्फ, टेबलावर संगणक. मॅव्हरिक बोलतो, हा टाइप करतो आणि उत्तर पडद्यावर उमटतं. मग तो कष्टाने उठतो, दोन-चार वाक्यं बोलतो, अगदी घोगऱ्या आवाजात. शेवटी विचारतो, दोघांत चांगला वैमानिक कोण? हा प्रसंग मी रिमोटने मागे नेऊन पुन्हा पाहिला. एप्रिल 2025मध्ये किल्मर गेला. तेव्हापासून आमच्या घरी हा प्रसंग लागला की कोणी मध्ये बोलत नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र हा औदार्याचा हात आखडलेला दिसतो. पहिल्या भागातली मॅव्हरिकची प्रेयसी चार्ली कुठे गेली, याबद्दल चकार शब्द नाही. तिच्या जागी पेनी बेंजामिन. हे नाव पहिल्या भागात अ‍ॅडमिरलची मुलगी म्हणून नुसतं बोलण्यात येऊन गेलं होतं. पटकथाकारांनी ते शोधून काढलं, हुशारी मान्य. जेनिफर कॉनेलीही छान. पण पुरुषांना सुरकुत्यांसकट परत बोलवायचं आणि प्रेयसीच्या जागी नवी नटी, हा जुनाच हिशेब झाला.

आता माझी खरी तक्रार. पहिल्या दोन तृतीयांशात मॅव्हरिक शत्रूच्या हद्दीतल्या बॉम्बहल्ल्याच्या मोहिमेसाठी तरुण वैमानिकांचा शिक्षक आहे, आणि तो भाग झकास जमलाय. मोहिमेची वाट अडीच मिनिटांत पार करायची असते. पोरांना ते जमत नाही. वरिष्ठ वेळ वाढवून चार मिनिटं करतात, आणि मॅव्हरिक न विचारता विमान घेऊन ती सव्वादोन मिनिटांत करून दाखवतो. इथे मीही खुर्चीवरून उठलो. पण शिक्षक म्हणून तो इथेच हरला! नंतर मोहिमेचा म्होरक्याही तोच, पहिला बॉम्ब टाकणाराही तोच, रूस्टरला वाचवणाराही तोच. पोरांनी त्याला मागे टाकावं आणि त्याने जमिनीवरून रेडिओवर कान लावून बसावं, असं कुणाला सुचलं नसेल का? सुचलंही असेल, पण तिकीट टॉम क्रूझच्या नावावर विकलं जातं.

नंतर विमानं पडल्यावर मॅव्हरिक आणि रूस्टर शत्रूच्या तळावरून एफ-14 पळवतात. अमेरिकन नौदलाने ते विमान 2006मध्ये मोडीत काढलं, आणि अमेरिकेबाहेर ते फक्त इराणला विकलं होतं. देशाचं नाव न घेता चित्रपट इशारा देऊन मोकळा. फिटरच्या डोळ्यांनी बघाल तर तेल भरलेलं, गोळ्या चढवलेलं जुनं विमान हँगरात तुमची वाट बघत बसत नाही. उभं राहिलेल्या विमानाचे हायड्रॉलिकचे सील कोरडे पडतात, टायर बसतात. पण एक गोष्ट त्यांनी नेटकी दाखवली. इंजिन आपोआप सुरू होत नाही. रूस्टरला खाली उभं करून हवेची ट्रॉली चालू करायला सांगतात, मग जोडण्या काढायच्या, शिडी काढायची आणि मगच वर चढायचं. चित्रपटात जमिनीवरच्या माणसाचं काम इतकं स्पष्ट दिसणं दुर्मीळ. मग रूस्टर मागच्या सीटवर बसतो, म्हणजे बापाच्याच जागी, बापाच्याच जातीच्या विमानात, आणि शेकडो सर्किट ब्रेकरांसमोर गोंधळतो. सगळं अशक्य आहे हे माहीत असून मी माफ केलं ते या एका सीटसाठी.

डिस्कविषयी. विमान हवेत गेलं की चित्र वर-खाली पसरतं आणि काळ्या पट्ट्या जवळजवळ नाहीशा होतात. सोबतच्या माहितीपटांत नटांना साध्या सेसनापासून एफ-18च्या मागच्या सीटपर्यंत कसं तयार केलं ते आहे. कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसवले होते, विमान मात्र पुढे बसलेला नौदलाचा वैमानिक उडवत होता. चेहरे ओढले जातात तो अभिनय नव्हे. शेवटी दिसणारं जुनं मस्टँग विमान मात्र क्रूझच्या स्वतःच्या मालकीचं. माझ्या खोक्याचा कोपरा चेपलेला आला, विक्रेत्याने बदलून द्यायला टाळाटाळ केली, डिस्क शाबूत होती म्हणून मीही नाद सोडला.

बरे स्पीकर असतील तर घ्या, नुसत्या टीव्हीच्या आवाजावर पाहणार असाल तर भाड्याने चालेल. पहिला भाग आधी बघाच, नाहीतर गूज कोण हे कळणार नाही आणि अर्धा चित्रपट फुकट जाईल. आणि पहिल्या भागात मिग-28 आलं की घरच्यांना सांगा, ते मिग नाहीच.