बेताच्या खर्चात देखणे स्वयंपाकघर : हँडल, बिजागऱ्या आणि चॅनल यांचा तुलनात्मक आढावा

स्वयंपाकघर नव्याने करताना ग्रॅनाइट, प्लाय आणि सनमायका यांत बहुतेक रक्कम संपते आणि कपाटांच्या हार्डवेअरची निवड सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत होते. बडोद्यात दांडिया बाजारातले जुने घर असो किंवा नव्या वस्तीतला फ्लॅट, कात्री नेमकी कुठे लावायची हे आधी ठरवणे हिताचे आहे. माझे मत असे, की जो भाग रोज हलतो त्यावर पैसे खर्च करावेत आणि जो केवळ दिसतो त्यावर वाचवावेत. दुकानात मात्र नजर प्रथम हँडलवर जाते आणि व्यवहार उलटा होतो.

हँडलमध्ये मुख्यतः चार पर्याय समोर येतात. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव हँडल, ज्याला दुकानदार ‘झिंक’ म्हणतात, ते स्वस्त असून आकार व रंगछटा यांत सर्वाधिक विविधता देते. राजकोटच्या कारखान्यांतून असा माल गुजरातभर जातो. त्याची सारी शोभा मुलाम्यावर अवलंबून असते, म्हणून कडा आणि स्क्रूच्या भोकाजवळचा भाग नीट पाहून घ्यावा, कारण मुलामा निघू लागतो तो तिथूनच. स्टीलचे हँडल फोडणीचा वाफारा आणि पावसाळ्यातला दमटपणा अधिक चांगला सोसते, परंतु 304 आणि 202 या प्रतींत मोठा फरक आहे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, तर 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते आणि ते लवकर डागाळते. लोहचुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही. चुंबकाने फक्त मुलामा दिलेले लोखंड ओळखता येते. म्हणून प्रत कोणती, हे बिलावर लिहून घ्यावे.

ॲल्युमिनियमचे प्रोफाइल हँडल दाराच्या कडेला बसते आणि अगदी कमी खर्चात आधुनिक रूप देते. मात्र त्याच्या खाचेत पीठ आणि तेलकट धूळ साठते. ज्या घरी रोज पोळ्या लाटल्या जातात, तिथे ही खाच वारंवार पुसावी लागेल. ज्या गोला प्रोफाइलसाठी कपाटाच्या सांगाड्यातच खाच घ्यावी लागते, ते जुनी कपाटे ठेवून फक्त दारे बदलणाऱ्यांनी टाळावे. पितळ सर्वांत देखणे आणि सर्वांत महाग. त्यावर लाखेचा थर असेल, तर चिंच किंवा लिंबाने घासून तो घालवू नये. सगळीकडे झिंक आणि केवळ समोरच्या काचेच्या कपाटांना पितळी नॉब, ही विभागणी मला पटते.

आकाराबद्दल एक सूचना. ज्या सळईसारख्या हँडलची टोके बाहेर आलेली असतात, त्यात साडीचा पदर किंवा ओढणी अडकते. ओट्याखालच्या कपाटांना टोके आत वळलेले हँडल बरे. जुनीच दारे ठेवायची असतील, तर दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून घ्यावे. ते बहुधा 96, 128 किंवा 160 मिलिमीटर असते. त्याच मापाचे हँडल घेतल्यास सनमायक्यावर नवी भोके पडत नाहीत आणि जुनी बुजवावी लागत नाहीत.

बिजागऱ्यांच्या बाबतीत मात्र काटकसर महागात पडते. साधी स्प्रिंगची बिजागरी आणि दार हळूच, आवाज न करता मिटवणारी सॉफ्ट क्लोज बिजागरी या दोन्हींची वाटी, म्हणजे दारात कोरून बसवायचा गोल भाग, सर्वसाधारणपणे 35 मिलिमीटरचीच असते, त्यामुळे वाटीची खोली आणि स्क्रूंच्या जागा जुळत असतील, तर पुढे बदल करणे शक्य असते. हलक्या, अरुंद दारांना दोन्ही बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज असण्याची गरज नाही. त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतली एक सॉफ्ट क्लोज आणि एक साधी चालते, आणि वीस दारांच्या स्वयंपाकघरात ही बचत लहान नसते. सिंकखालच्या कपाटाला मात्र स्टीलचीच बिजागरी लावावी. दार कपाटाच्या बाजूवर पूर्ण येते, अर्धे येते की आत बसते, यावर अनुक्रमे 0, 8 किंवा 16 क्रँक, म्हणजे बिजागरीच्या दांड्याचा बाक, ठरतो. खरेदीपूर्वी हे मिस्त्रीकडून लिहून आणावे.

ओढायच्या खणांसाठी बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या एकात एक बसणाऱ्या पट्ट्या, आणि टँडम बॉक्स, म्हणजे धातूच्या तयार बाजू व लपलेले चॅनल असलेला संच, यांत निवड करायची असते. टँडम बॉक्सची चाल मऊ आणि बाजू सुबक असतात, पण किंमत कित्येक पटींनी अधिक. डाळ-तांदळाचे डबे आणि कढया ठेवण्याच्या खणासाठी 45 मिलिमीटर रुंदीचे, जाड पत्र्याचे चॅनल पुरेसे आहे. दुकानात ते पूर्ण उघडून टोकाशी बोटाने दाबून पाहावे. डुलत असेल तर घेऊ नये.

हेटिच, हाफेले, एब्को, गोदरेज यांसारख्या कंपन्यांचा माल आणि सुटा माल यांत मी बिजागऱ्या व चॅनल कंपनीचे, हँडल सुटे असा मेळ सुचवेन. हेटिचचा कारखाना बडोद्यातच असला, तरी तेवढ्यावरून भाव कमी मिळेल असे धरून चालू नये. दोन-तीन दुकानांत एकाच मालिकेचा दर विचारावा आणि हमीचे कार्ड मागावे. सुटी हँडल घेताना सगळी एकाच खेपेची आणि दोन जास्तीची घ्यावीत, कारण पुढल्या खेपेत सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याची छटा बदललेली असू शकते.