अडीच मिलीअँपची चिप: एसए-६१२ मिक्सर, चार वर्षं वापरून

परभणीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात माझी तीस वर्षं गेली. आता रेडिओ कुणी आणत नाही, मोटारीचे स्टार्टर आणि इन्व्हर्टर येतात. नाद मात्र सुटला नाही. जिंतूर रोडच्या शेतात रात्री पाणी द्यायला गेलं की ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा ऐकायच्या, एवढ्यासाठी एक रिसीव्हर बांधायचा होता. शेतातल्या लाइटचा भरवसा नाही, म्हणून अट एकच: चार पेन्सिल सेलवर हंगाम निघाला पाहिजे.

माझ्या आधीच्या डब्यात चार डायोडचा रिंग मिक्सर होता. मिक्सर म्हणजे अँटेनाचा सिग्नल लोकल ऑसिलेटरच्या, म्हणजे डब्यातच तयार होणाऱ्या लहरीत मिसळून ऐकण्याजोगा करणारा भाग. म्हणायला तो फुकटात चालतो, त्याला सप्लायच लागत नाही. पण ते डायोड चालू-बंद करायला लोकल ऑसिलेटरकडून ७ डीबीएम, म्हणजे ५ मिलीवॅट लागतात. ५० ओहमवर तेवढं द्यायचं तर मागे एक बफर ट्रान्झिस्टर तापत ठेवावा लागतो. माझा बफर एकटाच १८ मिलीअँप खायचा. वर सिग्नल सहा-सात डीबीनं खाली येतो, ती तूट भरायला पुढे आणखी एक अॅम्प्लिफायर. जेवत नाही म्हणणारा पाहुणा, पण त्याच्या घोड्याला चंदी आपणच घालायची!

एसए-६१२ ही आठ पायांची चिप, आत गिल्बर्ट सेल. बॅरी गिल्बर्ट यांनी ही मांडणी १९६८ साली छापली. खाली सिग्नल घेणारी ट्रान्झिस्टरची जोडी, तिच्या डोक्यावर स्विचिंग करणारी चौकडी, आणि दोन्हींतून वाहणारा करंट एकच. वरच्या वाफ्याचं पाणी खालच्या वाफ्यात सोडावं तसं. डेटाशीट २.४ मिलीअँप म्हणते, माझ्या मीटरवर ६ व्होल्टला २.५ आले. म्हणजे १५ मिलीवॅट, आणि त्यात सिग्नल घटत नाही, उलट १७ डीबीच्या आसपास वाढतो. ऑसिलेटरही आतच.

पहिल्यांदा मीच घोळ केला. ट्यूनिंग सोपं व्हावं म्हणून बाहेरून एसआय-५३५१ या घड्याळ-चिपचं (हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारी) मॉड्यूल जोडलं. त्यानं पंचवीसेक मिलीअँप ओढले. मिक्सरमध्ये वाचवलेलं सगळं घड्याळाच्या घशात! मग ते काढून सहाव्या-सातव्या पायावर ७.१५९ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओमधला गँग (फिरवायचा ट्यूनिंग कपॅसिटर) लावला. दोन-चार किलोहर्ट्झच इकडे-तिकडे सरकतं, पण फुकटात.

खरेदीचं सांगतो. लांब पायांचा नमुना आता सहज मिळत नाही. एका ऑनलाइन दुकानातून दहा मागवल्या, त्यातल्या चार नुसतं नाव छापलेल्या निघाल्या. एक तर २० मिलीअँप ओढत होती, आत कोण जाणे काय भरलंय. पैसे परत मिळाले नाहीत. तपासायचं सोपं आहे: क्रिस्टल लावा, करंट मोजा, आणि शेजारी शॉर्टवेव्हचा रेडिओ ७.१५९ वर ठेवा. त्याची खरखर दबली तर चिप जिवंत.

पूर्ण डबा, आवाज वाढवणारी एलएम-३८६ चिप धरून, ७ मिलीअँपवर चालतो. गंमत म्हणजे आवाजाची चिप गप्प बसूनही मिक्सरपेक्षा जास्त खाते. तरी एका अल्कलाइन सेटवर शंभराच्या आसपास रात्री निघतात. सेल पार संपेपर्यंत मात्र चालत नाही: मिक्सरला किमान ४.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे उरलेले सेल टॉर्चमध्ये. आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी सरळ जोडू नका, मर्यादा ८ ची आहे. झेनर (व्होल्टेज बांधून ठेवणारा डायोड) लावून उतरवाल तर तो झेनरच वाचवलेला करंट पिऊन टाकेल.

शेतात आवाज कसा? लाइट गेली की सोन्यासारखा. लाइट असताना शेजाऱ्याचा एलईडी गुरगुरतो, आणि डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन तर सेकंदा-सेकंदाला टक, टक. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तुमच्या डब्यात घड्याळ बसवलं का काय?" यात चिपचा दोष नाही.

चिपचा खरा दोष शहरात कळला. पहिल्याच संध्याकाळी दुकानाच्या गच्चीवर तार टाकली, तर ७ मेगाहर्ट्झवर हॅमच्या जागी शेतीचा कार्यक्रम! १३०५ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणीचं परभणी केंद्र थेट घुसलं होतं. या चिपचा इनपुट आयपी३ (मोठा सिग्नल सोसण्याचं माप) उणे १५ डीबीएमच्या आसपास, म्हणजे मोठा सिग्नल तिला पेलत नाही. गिल्बर्ट सेलात एमिटरला रेझिस्टर घालून ही ताकद वाढवता येते, पण मग गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, घटतो आणि तो भरून काढायला करंट वाढवावा लागतो. इथे करंट वाचवलाय, त्याचं मोल या जागी द्यावं लागतं. माझ्या जुन्या डायोड रिंगला त्याच तारेवर काहीही झालं नव्हतं, हेही सांगायला हवं.

म्हणून शेतासाठी ही चिप डोळे झाकून घ्या. ब्रॉडकास्ट टॉवरच्या सावलीत राहत असाल तर डायोडच बरे, नाहीतर माझ्यासारखं करा: अँटेना आणि अर्थच्या मध्ये १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ. तो ट्रॅप, म्हणजे नको त्या स्टेशनला जमिनीत सोडणारा सापळा, १३०० किलोहर्ट्झला बसतो. पुढे एक किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट, सिग्नल दाबायला. त्यानंतर शेतीचा कार्यक्रम मागे कुठेतरी कुजबुजत राहिला, सोयाबीनचे भाव तेवढे कळायचे.