विंडोजची काळी खिडकी: शॉर्टकट बदलला की रूप बदललं

उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यांत जुन्या बॅच फायली (ओळीने आज्ञा लिहिलेल्या फायली) अजून चालतात, तिथल्या लोकांनी हे बघितलेलं असतं: डेस्कटॉपच्या शॉर्टकटने कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडला की अक्षरं ठळक, ‘रन’च्या चौकटीतून उघडला की बारीक. खिडकीच्या ‘प्रॉपर्टीज’मधले फॉन्ट, रंग, बफर (मागच्या किती ओळी दिसत राहतील ते) त्या शॉर्टकटच्या फाइलमध्येच साठतात, ‘रन’वाली खिडकी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) वाचते. म्हणून ‘डिफॉल्ट्स’ (सगळ्या खिडक्यांसाठीची मूळ सेटिंग्ज) कितीही बदला, जुना शॉर्टकट ढिम्म. टायटल बारवर राइट क्लिक करून डिफॉल्ट्स ठरवा, मग तो शॉर्टकट उडवून सीएमडी.ईएक्सई या कमांड प्रॉम्प्टच्याच फाइलवरून नवा बनवा.

फायदाही आहे: चालू डेटाबेसच्या शॉर्टकटला लाल पार्श्वभूमी, चाचणीच्याला काळी. चुकीच्या खिडकीत डिलीट मारणं टळतं. पण हे सगळं कुठे साठतं, ते खिडकी सांगत नाही. विंडोज टर्मिनल या नव्या अ‍ॅपचे प्रोफाइल (नावानिशी ठेवलेली वेगवेगळी सेटिंग्ज) यापेक्षा सरस.