बाटलीच्या ओठावरून गेलेली ती रेघ आणि माझे 39,350 रुपये

हे लिहायला तीन आठवडे लागले, कारण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. मुलाला अजून खरी रक्कम सांगितलेली नाहीये. पण नव्या बाटल्या जुन्या म्हणून मला विकणारा माणूस काल तेच फोटो ऑनलाईन टाकून परत गिऱ्हाईक शोधताना दिसला, मग म्हटलं आता बस झालं, लिहायचंच.

हिशोब आधी देतो. गोटी सोड्याच्या 4 बाटल्या, 2,500 प्रमाणे 10,000. गोल बुडाची, आडवी ठेवायची सोड्याची बाटली 9,500. काळपट हिरवी दारूची बाटली, "1850 ची, जहाजातून आलेली", 14,000. जांभळ्या औषधाच्या दोन, 5,000. झाले 38,500. वर पॅकिंग आणि टेम्पोचे 850. यातला एक रुपया परत आलेला नाही.

कोणी म्हणेल रिकाम्या बाटल्यांना एवढे पैसे कशाला. माझ्या आजोबांची साताऱ्यात सोड्याची गाडी होती. गोटी आत ढकलली की येणारा तो आवाज माझ्या कानात लहानपणापासून बसलाय. हायरम कॉडने 1872 मध्ये इंग्लंडमध्ये ज्या बाटलीचं पेटंट घेतलं ती आजोबांच्या गाडीवर रोज धुतली जायची, पण आमच्या घरात त्यातली एकही उरली नाही. म्हणून घ्यायच्या होत्या. यात हाव नव्हती, विकून पैसे करायचा विचारही नव्हता.

असे विक्रेते ओळख कशी काढतात, ॲडव्हान्स कसा घेतात, "दुसरी पार्टी निघालीये" कसं म्हणतात हे तुम्हाला माहितीच आहे, मलाही माहिती होतं. त्यामुळे मी फोटोवर भरवसा न ठेवता स्वतः मुंबईला त्याच्या गोडाऊनवर गेलो. फक्त 5,000 आधी दिले होते. म्हणजे मी अगदीच डोळे मिटून उडी मारलेली नाही.

तिथे एकच ट्यूबलाईट, तीही लुकलुकणारी. हिरवी बाटली हातात घेतली, छान जड होती. पोटावर साच्याची शिवण दिसत होती, दोन अर्धे साचे जिथे मिटतात तिथे काचेवर उठते ती बारीक रेघ. मी अंगठा त्या रेघेवरून वर नेला. खांदा, मग मान, मग ओठ. रेघ ओठावर चढली आणि कड ओलांडून आतपर्यंत गेली. एका ठिकाणी मात्र ओठावर काच गुळगुळीत नव्हती, घासल्यासारखी पांढुरकी होती. नख फिरवलं तर खरखर लागली. मी विचारलंसुद्धा, हे काय? तो म्हणाला, "साहेब, साचा जितका जुना तितकी शिवण जाड, अस्सल मालाची खूण आहे ही." आणि मी मान हलवली! तेवढ्यात त्याचा फोन वाजला, दादरहून कोणी निघालंय म्हणे, आणि मी उरलेले 33,500 आणि ते 850 तिथल्या तिथे स्कॅन करून पाठवले.

तो एक मिनिट मला रोज रात्री आठवतो. जी रेघ मला सांगत होती की ही बाटली मशीनची आहे, तिच्यावर माझा अंगठा होता.

आता जे नंतर शिकलो ते ऐका. हाताने फुंकलेल्या बाटलीत अंग साच्यात फुंकायचे, मग ती फुंकणीवरून तोडायचे आणि तोंड सगळ्यात शेवटी करायचे, वरून काचेचा पट्टा लावून किंवा मान परत तापवून हत्याराने गोल फिरवून. त्यात शिवण पुसली जाते, म्हणून ती ओठाच्या खालीच संपते. मशीनमध्ये उलटं, तोंड आधीच साच्यात तयार होतं, म्हणून रेघ ओठावरून पार जाते. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन अमेरिकेत मायकेल ओवेन्सने आणलं 1903 च्या सुमारास. मग 1850 च्या बाटलीच्या ओठावर ती रेघ येईल कुठून?

पण एकट्या शिवणीवर पण जाऊ नका. काच गरम असतानाच ओल्या साच्यात गरागरा फिरवलेल्या जुन्या बाटल्यांवर शिवण नसतेच, आडव्या बारीक वळ्या दिसतात. आणि काही जुन्या बरण्यांचं तोंड साच्यातच करून वरून घासून सपाट केलेलं असतं, तिथे हाताची असूनही रेघ वरपर्यंत जाते. नुसतं "रेघ नाही म्हणजे जुनी" असं कोणी म्हटलं तरी थांबा, कारण रेघ घासून काढता येते. माझ्या बाटलीवर तेच अर्धवट केलेलं होतं, तो पांढुरका डाग म्हणजे तेच.

बुडाला खडबडीत काचेचा व्रण होता, जुन्या काळी बाटली धरायला मागे सळई चिकटवायचे त्याचा. घरी गरम पाण्यात ठेवली तर तो व्रण सुटून हातात आला. चिकटवलेला होता! जांभळ्या बाटल्यांचंही तसंच. मँगनीज घातलेली जुनी काच उन्हाने फिकट जांभळी होते हे खरं, पण गडद, एकसारखा जांभळा रंग रेडिएशन देऊन आणतात. आणि गोटीच्या बाटल्यांत आतली रबरी रिंग नवी कोरी, मऊ. बूड बघा, वापराचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना असतात, सगळे एकाच दिशेने असले तर ती पॉलिश पेपरची करामत.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्या दिवशी विचारलं, रिकाम्या का? आणि दोघं हसले. दुसऱ्या दिवशी म्हणे सिव्हिल मॅटर आहे. तिसऱ्या दिवशी एका साहेबांनी मलाच दम दिला, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू म्हणजे पुरावशेष, 1972 चा कायदा आहे, तुम्ही घेतलीच कशी? अहो, त्या कायद्यात धंदा करणाऱ्याला लायसन लागतं, मग त्याला विचारा ना! आणि माझी तक्रारच ही आहे की वस्तू जुनी नाहीये. हे समजावताना माझा आवाज चढला तर बाहेर बसायला सांगितलं, दीड तास. ऑनलाईन फ्रॉडवाले म्हणाले पैसे तुम्ही समोर उभं राहून दिलेत, आमच्यात बसत नाही. बँकेचं उत्तर, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. एका सरकारी संग्रहालयात गेलो, निदान लिहून तरी द्या की ही मशीनची आहे, तर म्हणाले खाजगी वस्तूंवर अभिप्राय देत नाही. मग ठरवायचं कोणी? ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, पण बिल आणि समोरच्याचा पत्ता मागतात. बिल त्याने दिलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. गोडाऊनला आता दुसऱ्याचं कुलूप आहे.

बिलावर "अंदाजे वर्ष आणि हाताने फुंकलेली" असं लिहून मागा, जो लिहीत नाही त्याच्याकडून उठून या. घाईत पैसे पाठवू नका. टॉर्च आणि भिंग घेऊन जा, बाटली दिवसा उजेडात दारात आणून बघा, आणि अंगठा पोटापासून ओठाच्या आतपर्यंत सावकाश न्या.

आयोगात मी अर्ज टाकलाय, चुकीच्या पत्त्यामुळे नोटीस परत आली. हिरवी बाटली खिडकीत ठेवलीये. काल त्याने टाकलेल्या फोटोत हुबेहूब तशीच आहे, ओठावर त्याच जागी पांढुरका डाग, आणि खाली लिहिलंय 1835.