रोटाकॅप की पंप-स्पेसर?

सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी टिओट्रोपियम हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध लिहून दिलं की पुढचा प्रश्न येतो: रोटाहेलर या छोट्या यंत्रात घालून पूड ओढायची ती कॅप्सूल (रोटाकॅप) घ्यायची, की स्पेसर म्हणजे पोकळ नळकांडं लावून ओढायचा पंप? औषध तेच. कॅप्सूलमध्ये १८ मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदा. पंपात ९ चे दोन पफ. नीट ओढलं तर गुण जवळपास सारखाच. गोची त्या 'नीट'मध्ये आहे.

रोटाहेलर खिशात मावतो, दाबणं आणि श्वास यांचा मेळ घालावा लागत नाही, पूड उरली का तेही दिसतं. उरली तर पुन्हा ओढायची. मात्र यंत्रात गॅस नसतो. पूड तुमच्या श्वासाच्या जोरावरच उडते. धाप लागलेल्या दिवशी तो जोर कुठून आणायचा?

तरीही माझ्या लेखी निकाल लावला तो पावसाळ्याने. मुंबई-कोकणात जुलैमध्ये बाटली रोज उघडली की ओलावा आत शिरतो. कॅप्सूलचं कवच मऊ पडतं, पिळल्यावर नीट उघडत नाही, पुडीच्या गुठळ्या होऊन कडेला चिकटतात. बाटलीतलं ओलावा शोषणारं पाकीट कचरा समजून फेकलं, तर मग बघायलाच नको. फ्रिजमध्ये ठेवणंही चूक, बाहेर काढली की कॅप्सूलवर दव धरतं. रोटाहेलरमध्ये फुंकर मारली तरी तेच. तोंडाची वाफ पुडीला पुरते.

पंपाचं औषध धातूच्या डबीत बंद, त्याला पावसाचं सोयरसुतक नाही. पंप हलवा, स्पेसरला लावा, श्वास पूर्ण सोडा, एकदाच दाबा, चार-पाच सेकंद सावकाश ओढा, जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. दोन्ही एकदम स्पेसरमध्ये सोडले तर फुप्फुसात कमी पोचतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने घासलात तर स्थिर विजेमुळे औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

स्पेसर बोजड आहे, हे कबूल. पंपावर आकडा नसेल तर रिकामा कधी झाला कळत नाही, आणि पाण्यात तरंगवून बघण्यावर भरवसा नको. २०० पफचा असेल तर रोजच्या दोनप्रमाणे शंभरावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सोलापूरसारखी कोरडी हवा आणि श्वासात दम असेल, तर रोटाहेलर वाईट नाही. दोन्हींपैकी काहीही घ्या, पण औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर गुळण्या करून पाणी थुंका; नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. आणि यंत्र बदलायचं ते डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवूनच.