म्हापशातलं क्लिनिक: स्वॅबला पैकीच्या पैकी, जीनच्या पॅकेजला भोपळा

डिचोलीच्या एका पतसंस्थेत मी 19 वर्षं कॅशला बसते. बिल हातात आलं की ओळ न् ओळ वाचायची खोड आहे. तरी या क्लिनिकमध्ये 14,500 रुपये डोळे मिटून भरून आले.

मी बारावीत असताना आईला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला. ती वाचली, पण आम्हा दोघी बहिणींच्या डोक्यात तेव्हापासून एकच घोर, आपल्यालाही होणार का. चाळिशी उलटल्यावर एकदाचं मनावर घेतलं आणि दिवस निवडला नेमका शुक्रवार, येताना बाजारही होईल म्हणून. तेवढं करू नका. कदंबाच्या बसमधून उतरून चोरीसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा आणि मिरच्यांच्या ढिगातून वाट काढेपर्यंत माझा नंबर निघून गेला होता.

काउंटरवरच्या मुलीला आईचं सांगितलं मात्र, तिने गुळगुळीत कागदाचं पत्रक पुढे सरकवलं. "ताई, मग एचपीव्हीबरोबर हे जेनेटिक पॅकेजपण करून घ्या. फॅमिलीत आहे ना." एचपीव्ही म्हणजे ज्या व्हायरसमुळे हा कॅन्सर होतो तो, त्याची तपासणी स्वॅबने होते. घरच्या दुखण्याला कोणी हात घातला की हिशेब सुचत नाही. केली सही.

स्वॅबबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. पडदा मधोमध मिटत नव्हता, तर नर्सबाईंनी कपडे वाळत घालायचा चिमटा काढून लावला. ब्रश आधी माझ्या हातात दिला, बाटल्या धुवायच्या ब्रशचं पिल्लूच. मग आत पिशवीच्या तोंडाशी फिरवून बाटलीतल्या द्रवात घुसळला, नाव माझ्यासमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. सगळं मिळून दोन मिनिटं. थोडं अवघडल्यासारखं झालं, दुखलं नाही.

नवव्या दिवशी एकाच पाकिटात दोन कागद आले. एचपीव्हीच्या कागदावर सगळ्यात धोक्याचे 16 आणि 18 नंबरचे प्रकार नाहीत, पण बाकीच्या धोक्याच्या प्रकारांपैकी काहीतरी 'आढळलं'. जीनच्या कागदावर 'धोकादायक बदल नाही'. धाकट्या बहिणीला साखळी गावी फोन केला, तर ती म्हणते, "जीनमध्ये काही नाही ना? मग मी कशाला येऊ?" माझी तक्रार पैशांपेक्षा या वाक्याबद्दल जास्त आहे.

डॉक्टरीणबाईंची फी 600. स्वॅब सोडला तर वसूल झालेले पैसे एवढेच. त्यांनी जीनचा कागद बघून सरळ बाजूला ठेवला. त्या पॅकेजमध्ये मुख्यतः बीआरसीए वगैरे जीन्स होते, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध असलेले. आईच्या आजाराशी त्यांचं देणंघेणं नाही. हा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्हीमुळेच होतो. आणि तो व्हायरस बहुतेक बायकांना कधी ना कधी गाठतो, बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्याजणींत ठाण मांडतो, तिथे धोका.

मग घराण्याचं काही नसतंच का? असतं. स्वीडनमध्ये 1999 साली नोंदवह्या तपासल्या गेल्या. सख्ख्या आईला किंवा बहिणीला हा कॅन्सर झालेला असेल तर धोका जवळपास दुप्पट निघाला, दत्तक आईच्या बाबतीत तसा वाढलेला दिसला नाही. म्हणजे नुसतं घर एक असल्याचा हा परिणाम नव्हे. यात सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जीन्सचा हात असतो. पेशीत शिरलेल्या व्हायरसचे तुकडे बाहेर धरून प्रतिकारशक्तीला दाखवायचं काम यांचं. मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं: एखादा कॅशियर खोटी नोट लगेच उजेडात धरतो, एखाद्याच्या हातून ती गड्डीत जाते. यातल्या काही जातींमुळे धोका वाढतो, काहींमुळे कमी होतो. पण एकेकीचा परिणाम इतका लहान की त्यावरून कुणाला 'तू सुटलीस' म्हणता येत नाही. आणि व्हायरस आहे की नाही, ते तर स्वॅबच सांगतो.

लांबचं कशाला, आपल्या उस्मानाबादचंच बघा, आताचं धाराशिव. तिथे 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. तपासणी न केलेल्या गटाशी तुलना करता, एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते. 2009 साली हे छापून आलं. कुणाचे जीन वाचत बसले नव्हते.

माझी पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी बघायची तपासणी, नॉर्मल आली. डॉक्टरीणबाई वर्षाने परत या म्हणाल्या. गेल्या महिन्यात जाऊन आले, या वेळी एचपीव्ही 'आढळला नाही'. नर्सबाई त्याच, चिमटाही तोच. वर्षभरात पडद्याची एक कडी बसवता येऊ नये?

पॅकेजचे पैसे परत मागितले तर 'टेस्ट झाली, रिफंड नाही' असं उत्तर मिळालं. ठीक. पण त्या रिपोर्टवर ठळक अक्षरात एवढं तरी छापा की याने स्वॅब टळत नाही. आणि फॅमिली हिस्टरी ऐकल्यावर पत्रक काढायच्या आधी डॉक्टरांकडे पाठवा. डॉक्टर आणि नर्ससाठी पाच तारे, काउंटरला एक, तोही पिण्याचं पाणी थंड होतं म्हणून.

धाकटी येत्या मंगळवारी जातेय. पावती फक्त स्वॅबची फाडायची, असं बजावून ठेवलंय.