स्विफ्ट ट्रॅकवर न्यायची असेल तर सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलावे?

मारुती स्विफ्टची तिसरी पिढी भारतात 2018 मध्ये आली आणि 2024 मध्ये चौथीने तिची जागा घेतली. जुन्या गाड्यांच्या बाजारात ती सहज मिळते, पेट्रोल गाडीचे वजन 875 किलोच्या आसपास आहे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) अवघा 2,450 मिमी. अशी गाडी ट्रॅकवर उतरवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, आणि पहिल्याच दिवसानंतर प्रश्न पडतो की सस्पेन्शनवर पैसे घालायचे तर ते कशावर घालावेत. हा आढावा लिहिताना माझ्यासमोर एक विशिष्ट वाचक आहे. तो पुण्याहून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेपर्यंतचे सुमारे 1,200 किमी स्वतः गाडी चालवत जातो, 2.1 किमीच्या त्या ट्रॅकवर दिवसभर फेऱ्या मारतो आणि त्याच गाडीने परत येऊन सोमवारी कामावर हजर होतो. ज्यांची गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर जाते त्यांचे गणित वेगळे असते.

स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) आहे. इंजिन पुढे, चालना पुढच्या चाकांना, वळण्याचे काम पुढच्याच चाकांचे आणि ब्रेकिंगचा मोठा भागही त्यांच्यावरच असतो. त्यामुळे वळणात सर्वात आधी हार मानतो तो बाहेरच्या बाजूचा पुढचा टायर. मॅकफर्सनमध्ये बॉडी बाहेरच्या बाजूला कलली की चाकही जवळपास तेवढेच बाहेर कलते, टायर आपल्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि रस्त्याला टेकलेला पट्टा अरुंद होतो. त्यात 185/65 आर 15 हा मूळ टायर उंच भिंतीचा असल्याने खांदा आणखी दुमडतो. म्हणून पुढे ज्या पर्यायांची तुलना केली आहे त्या प्रत्येकाला मी एकच कसोटी लावली आहे : या बदलामुळे त्या एका टायरचे भले होते का?

सर्वाधिक विकला जाणारा पर्याय म्हणजे गाडी बसवणे, अर्थात मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर आखूड स्प्रिंगा लावणे. गुरुत्वमध्य खाली आला की वजनाचे स्थलांतर कमी होते हे तत्त्व खरे आहे. पण किती कमी होते याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. चालकासह गाडीचे वजन 950 किलो, गुरुत्वमध्याची उंची 530 मिमी आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर 1,520 मिमी धरले, तर 0.9 जी च्या (बाजूची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या 0.9 पट असलेल्या) वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 298 किलो भार सरकतो. गाडी 30 मिमी खाली आणली तर हा आकडा 281 होतो. म्हणजे फायदा 17 किलोचा, सहा टक्क्यांहून कमी, आणि तोही चारही चाकांमध्ये विभागलेला.

या सहा टक्क्यांची किंमत मात्र मोठी आहे. मॅकफर्सनमध्ये गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) आडवा होतो आणि आणखी खाली गेल्यावर चाकाच्या बाजूचे त्याचे टोक वर उचलले जाते. तिथून पुढे सस्पेन्शन दाबले गेले की चाकाला निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला कललेला असणे) मिळण्याऐवजी तो जाऊ लागतो. त्याच वेळी रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो, त्यामुळे दोघांमधले अंतर, म्हणजेच बॉडीला कलवणारा दांडा, लांबतो. परिणामी स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली बसवलेली गाडी मूळ गाडीइतकीच, कधी कधी तिच्यापेक्षा जास्त कलू शकते. शिवाय दाबण्यासाठी उपलब्ध असलेली हालचाल 30 मिमीने कमी झाल्याने ऐन वळणात, विशेषतः कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) ओलांडताना, बम्प स्टॉप (हालचालीच्या शेवटी असलेला रबरी ठोकळा) टेकतो. त्या क्षणी पुढच्या बाजूचा कडकपणा एकदम वाढतो आणि नाक वळणाबाहेर जाऊ लागते. चालकाला हे अंडरस्टिअर (स्टिअरिंग फिरवूनही गाडी पुरेशी न वळणे) वाटते आणि तो टायरला दोष देतो. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी बसवण्याचा जो प्रकार काही गॅरेजांत चालतो त्याची तुलनाही करण्याची गरज नाही. चाक पूर्ण लोंबकळल्यावर अशी स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू शकते, आणि एवढे कारण पुरेसे आहे.

याच्या अगदी उलट टोकाला एक पर्याय आहे जो दिसत नाही आणि म्हणून विकलाही जात नाही : कॅम्बर. स्विफ्टचा स्ट्रट खाली नकलला (चाक धरून ठेवणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्यांपैकी एका बोल्टच्या जागी विकेंद्री कॅम बोल्ट घातला तर साधारण पावणेदोन अंशांपर्यंत कॅम्बर वाढवता येतो. मूळ गाडीत पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपासच असतो. तो उणे दोन अंशांपर्यंत नेला तर बॉडी कलल्यावरही बाहेरचा टायर रस्त्यावर बराचसा सपाट बसतो. खर्च काही हजारांचा आणि काम अर्ध्या दिवसाचे. माझ्या मते या गाडीवर रुपयामागे सर्वाधिक फायदा देणारा बदल हाच आहे, आणि तरीही तो शेवटी केला जातो किंवा केलाच जात नाही, कारण पार्किंगमध्ये उभी असताना गाडी पूर्वीसारखीच दिसते.

त्यातही दोन बाबी सांभाळाव्या लागतात. कॅम बोल्टचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून तो टॉर्क रेंचनेच घट्ट करावा आणि ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रानंतर खूण जागेवर आहे की नाही ते पाहावे. दुसरे असे, की कॅम्बर बदलला की टो (वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) बदलतो. म्हणून टो पुन्हा लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. निगेटिव्ह कॅम्बरने टायरची आतली कड झिजते ही तक्रार अर्धीच खरी आहे. उणे दोन अंशांवर टो शून्य असेल तर हमरस्त्यावरच्या 2,400 किमीच्या जाण्यायेण्यात होणारी झीज सोसण्याजोगी असते, पण टो चुकलेला असेल तर तोच टायर काही प्रवासांतच संपतो. भोके कानशीने लांबवून कॅम्बर मिळवण्याचा उपाय स्वस्त आहे, पण रोजच्या वापराच्या गाडीवर मी तो सुचवणार नाही.

आता शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात. लाखभर किमी चाललेल्या गाडीत तेच मूळ शॉकअप असतील, तर बाकी कोणत्याही बदलाआधी ते आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी भाग) नवे घालावेत. ढिल्या बुशमुळे ब्रेक लावताना टो आपोआप हलतो आणि मग अलाइनमेंटच्या यंत्रावर लावलेले आकडे फक्त उभ्या गाडीपुरते खरे उरतात. शॉकअप वळणातला अंतिम कल कमी करत नाही, तो कल किती वेगाने येतो हे ठरवतो. एका वळणातून लगेच उलट वळणात शिरताना, ब्रेक सोडून स्टिअरिंग फिरवताना किंवा कर्बवरून उतरताना टायर रस्त्याला चिकटून राहतो की उड्या मारतो, हे त्याच्या हातात असते. स्प्रिंग दीडपट कडक केली तर तिला तितक्याच प्रमाणात आवरण्यासाठी डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारा रोध) सुमारे 22 टक्क्यांनी वाढायला हवे, कारण हे नाते वर्गमुळाचे आहे. मूळ, त्यातही जुना शॉकअप ते देऊ शकत नाही. म्हणून स्प्रिंगा बदलायच्याच असतील तर त्यांना जुळणाऱ्या शॉकअपसह बदलाव्यात. बिल्स्टाइन आपले बी-6 मूळ उंचीसाठी आणि बी-8 आखूड स्प्रिंगांसाठी वेगवेगळे बनवते, ते याच कारणाने. उंची फार तर 15 ते 20 मिमीने कमी करणारा जुळवलेला संच हा रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधला सर्वात समंजस पर्याय आहे, आणि त्याचे सौंदर्य हे की तो एकदा बसवला की त्याच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही.

कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा समायोज्य एकत्र संच, हा याच्याही पुढचा पर्याय. उंची बदलता येते, बहुतेक संचांत डॅम्पिंगही, आणि वर कॅम्बर प्लेट (स्ट्रटचे वरचे टोक आत सरकवू देणारी) असल्यास उणे तीन अंशांपर्यंत जाता येते. आयात शुल्क धरून खर्च लाखाच्या घरात जातो. परदेशी संच बहुधा स्विफ्ट स्पोर्टसाठी बनवलेले असतात, ती गाडी इथे विकली गेली नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी नकलवरच्या बोल्टांचे अंतर, ब्रेक होजचा ब्रॅकेट आणि मागच्या शॉकअपची लांबी आपल्या गाडीवर मोजून पाहावी. त्याहून महत्त्वाचा प्रश्न स्प्रिंगच्या कडकपणाचा आहे. पुढच्या एका कोपऱ्यावर 260 किलो वजन आणि मूळ स्प्रिंग 2 किलो प्रति मिमी धरली तर ढोबळ हिशेबाने गाडीची नैसर्गिक वारंवारता (ती स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली झुलते) 1.4 हर्ट्झ येते. 4 किलोच्या स्प्रिंगवर ती 2 हर्ट्झच्या जवळ जाते आणि 6 किलोच्या स्प्रिंगवर 2.4. चिकट टायर आणि गुळगुळीत ट्रॅक असेल तर 2.4 चालते, पण साध्या टायरवर आणि आपल्या महामार्गांवरच्या सांध्यांवर तीच गाडी चाके हवेत ठेवू लागते, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. मग विक्रेता देईल ती स्प्रिंग न घेता 4 किलोच्या आसपासची मागून घ्यावी. डॅम्पिंगच्या तीस क्लिक मिळतात म्हणून त्या सगळ्या वापरायच्या असतात असे नाही. नोंदवही न ठेवणाऱ्या चालकाच्या हाती त्या क्लिक म्हणजे गाडी बिघडवण्याच्या तीस संधी आहेत.

मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या बाजूंना जोडून बॉडीचा कल रोखणारा दांडा) हा या तुलनेतला सर्वात फसवा पर्याय आहे, चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही. कडक बार लावल्याने एकूण भार-स्थलांतर बदलत नाही; ते पुढच्या आणि मागच्या जोडीत कसे वाटले जावे एवढेच बदलते. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, म्हणून ज्या जोडीवर स्थलांतर जास्त पडते तिची एकत्रित पकड कमी होते. मागची बाजू कडक केली की हा बोजा मागे सरकतो, पुढच्या बाहेरच्या टायरला श्वास घेता येतो आणि गाडी वळणात शिरायला तयार होते. टॉर्शन बीमवर बसणारा असा बार स्वस्त असतो आणि परिणाम पहिल्याच फेरीत जाणवतो. मर्यादा दोन आहेत. मागचे आतले चाक उचलले गेले की तिथून पुढचा सगळा रोल पुढच्याच बाजूला पेलावा लागतो, त्यामुळे आणखी जाड बार घालून काही मिळत नाही. आणि हीच गाडी पावसाळ्यात खंबाटकी घाटातून परत आणायची असते. ओल्या उतारावर वळणात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन उचलला तर मागची बाजू निसटते, आणि तेव्हा ट्रॅकवरची मोकळी जागा आजूबाजूला नसते. समायोज्य बार घेऊन रस्त्यासाठी तो मऊ भोकात ठेवणे हा मार्ग आहे, फक्त ते खरोखर करणारा माणूस हवा. पुढच्या जाड बारचा विचार या गाडीवर करूच नये. बॉनेटखालच्या स्ट्रट ब्रेसने (दोन्ही स्ट्रटांची वरची टोके जोडणाऱ्या दांड्याने) इंजिनचा कप्पा देखणा दिसतो, एवढेच.

कायद्याचा मुद्दा टाळता येणार नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हा अर्थ ठामपणे मांडला. शिवाय आपल्याकडच्या मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर सहसा वगळलेले असतात, म्हणजे ट्रॅकवरचे नुकसान स्वतःच भरायचे. महामार्गावर अपघात झाला आणि गाडी 40 मिमी खाली बसलेली आढळली, तर सर्वेक्षकाशी होणारा संवाद सुखाचा नसेल. मूळ उंची राखणारा किंवा तिच्या जवळ राहणारा पर्याय निवडण्याचे हे आणखी एक कारण आहे.

वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्याने नवे बुश, गरज असल्यास नवे शॉकअप, कॅम बोल्ट आणि चांगले टायर यांवर थांबावे. उरलेल्या पैशांत आणखी एक ट्रॅक दिवस करावा. चार-पाच वेळा जाणाऱ्याने त्यात जुळवलेल्या स्प्रिंग-शॉकअपचा संच घालावा आणि त्यानंतरही नाक बाहेर जात असेल तरच मागचा बार लावावा. हा क्रम उलटवू नये, कारण पुढचे टायर सपाट बसत नसताना मागची पकड कमी करणे म्हणजे गाडीची बलस्थाने दुबळ्या बाजूच्या पातळीवर आणणे होय. कॉइलओव्हर त्याने घ्यावेत जो दर महिन्याला ट्रॅकवर असतो, टायरचे तापमान मोजतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून फेरीची वेळ लिहून ठेवतो.

कोणताही पर्याय घेतला तरी अलाइनमेंटवाल्याला "कंपनीचे लावा" असे सांगू नये. चालकाच्या सीटवर आपल्या वजनाइतके ओझे ठेवून पुढे कॅम्बर दोन्ही बाजूंना सारखा उणे दोन अंश, टो शून्य आणि स्टिअरिंग सरळ, एवढे कागदावर लिहून द्यावे. ट्रॅकवर चार-पाच जोरदार फेऱ्यांनंतर लगेच पिटमध्ये येऊन पुढच्या बाहेरच्या टायरचे तापमान आत, मध्ये आणि बाहेर असे तीन ठिकाणी मोजावे. बाहेरची कड अजूनही आतल्या कडेपेक्षा गरम असेल, तर कॅम्बर आणखी अर्धा अंश वाढवून पुन्हा फेऱ्या माराव्यात, आणि तोवर कॉइलओव्हरची ऑर्डर देऊ नये.